लक्ष देणं, लक्ष घेणं

ब्रँडसाठी किंवा एखाद्या क्रिएटरसाठी सोशल मीडियावरचा मजकूर लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, समोरून येणाऱ्या मागणीत हमखास असणारा शब्द कोणता? 'एंगेजिंग'. रील एंगेजिंग हवी, कॅप्शन एंगेजिंग हवं, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा एंगेजिंग हव्यात. मराठीत आपण त्याला 'गुंतवून ठेवणारं' म्हणतो. हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. वाचक गोष्टीत गुंततो, आईचा जीव मुलात गुंततो आणि मासा जाळ्यात गुंततो. पैसे गुंतवले की ती गुंतवणूक होते, आणि तिथे निदान परताव्याची अपेक्षा तरी धरता येते.

चांगला कंटेंट बनवणं ही आता लाखो लोकांची रोजीरोटी आहे. 'हे सगळं वाईटच' असं म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्याचं लक्ष आपल्याकडे ओढून घेण्याचं कौशल्य नेमकं कुठं जाऊन चुकीचं ठरतं, हा प्रश्न टाळण्यातही अर्थ नाही. या लेखात मला तेवढाच प्रश्न तपासायचा आहे.

आधी धंद्याची रीत पाहू. रीलचे पहिले तीन सेकंद म्हणजे हुक. त्यात बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. म्हणून 'थांबा, स्क्रोल करू नका' किंवा 'ही चूक तुम्हीही करताय' अशी सुरुवात. मग 'पाचवी टीप सगळ्यात महत्त्वाची' असं सांगून पहिल्या चारांत थांबवून ठेवायचं. शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमला अशी जोडायची, की व्हिडिओ संपला हे कळायच्या आत तो पुन्हा सुरू झालेला असतो. एखाद्या गावाचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारायचं, म्हणजे दुरुस्त करायला लोक कमेंटमध्ये धावतात. पत्ता किंवा किंमत व्हिडिओत सांगायचीच नाही, 'लिंक हवी असेल तर कमेंट करा' म्हणायचं. यातली प्रत्येक गोष्ट क्लासमध्ये, कार्यशाळेत, आणि अर्थातच रील्समधूनही शिकवली जाते.

हे असंच का करावं लागतं, याचं उत्तर फीडच्या रचनेत आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा भाग मला जादूसारखा वाटत नाही. एखादी पोस्ट तुमच्यासमोर आणायची की नाही हे ठरवणारी यंत्रणा ढोबळमानाने असं करते: तुम्ही ही पोस्ट लाइक करण्याची शक्यता किती, कमेंट करण्याची किती, शेवटपर्यंत पाहण्याची किती, पुढं पाठवण्याची किती, याचा अंदाज बांधते. प्रत्येक शक्यतेला एक वजन दिलेलं असतं. गुणाकार करायचे, बेरीज करायची. ज्या पोस्टची बेरीज मोठी ती वर. अंदाज यंत्र बांधतं, पण वजनं माणसं ठरवतात.

वजन बदललं की खाली सगळं बदलतं. यूट्यूबने २०१२ साली किती वेळा क्लिक झालं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला महत्त्व द्यायचं ठरवलं, आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांनी लोकांना आत खेचण्याबरोबरच आत थांबवून ठेवण्याची विद्या शिकायला घेतली. फेसबुकने २०१७ साली इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. त्यात रागाचा लाल चेहराही होता. म्हणजे लोकांना चिडवणारी पोस्ट आवडणाऱ्या पोस्टपेक्षा पाचपट मोलाची झाली. पुढं हे वजन टप्प्याटप्प्यानं कमी करून २०२० मध्ये रागासाठी ते शून्यावर आणलं गेलं. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ साली बाहेर आली तेव्हा हे सगळ्यांना कळलं. मला त्यातला 'पाच' हा आकडा विसरता येत नाही. कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी तो सुचवला असेल, कुणी मान डोलावली असेल, आणि कुणीतरी तो टाइप केला असेल.

या सगळ्याच्या समर्थनार्थ साधारण तीन युक्तिवाद केले जातात. तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: यात नवीन काय आहे? १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यानं 'द सन' हे वर्तमानपत्र एका सेंटला विकायला काढलं, तेव्हा इतर पत्रं सहा सेंटला मिळत. तोटा जाहिरातींतून भरून काढायचा, म्हणजे खप वाढवायचा, म्हणजे लोक तुटून पडतील असं काहीतरी छापायचं. दोनच वर्षांत त्या पत्रानं चंद्रावर पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला छापली. लक्ष गोळा करून ते जाहिरातदाराला विकण्याचा धंदा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे तर त्याहून जुनी उदाहरणं आहेत. आठवडी बाजारात गारुडी यायचा. एका बाजूला टोपलीत साप, दुसऱ्या बाजूला खुंटीला बांधलेलं मुंगूस. 'आता लढाई होणार' असं म्हणत तो रिंगण मोठं करत न्यायचा. डमरू, जादूचे दोन खेळ, पोरांची चेष्टा, मधेच ताईत किंवा कसलीशी पूड. पूड विकली जायची, लढाई मात्र व्हायची नाही. आजच्या 'शेवटपर्यंत नक्की बघा'चे ते आजोबाच म्हणायचे.

पण लक्ष धरून ठेवण्याची आपली दुसरी मोठी परंपरा कीर्तनाची आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. गोष्टीची ओढ पुढं ठेवलेली असते, म्हणून माणसं निरूपणाला बसतात. बुवा विनोद करतात, आवाज खाली आणतात, ऐन वेळी थांबतात, पेंगणाऱ्याला कोपरखळी मारतात. तंत्र म्हणून पाहिलं तर हुकही आहे आणि रिटेन्शनही. तरीही गारुडी आणि कीर्तनकार एकाच माळेचे मणी आहेत, असं कुणी म्हणणार नाही. 'हे पूर्वीपासून आहे' एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, ते यामुळे. पूर्वीपासून दोन्ही आहे. फरक कशात आहे ते सांगावं लागेल.

प्लेटोनं 'गॉर्जियस' या संवादात असाच फरक करायचा प्रयत्न केला आहे. तिथं सॉक्रेटिस वक्तृत्वकलेची तुलना पाककलेशी करतो. वैद्य शरीराच्या हिताचं बघतो, आचारी जिभेच्या सुखाचं. लहान मुलांना न्यायाधीश केलं तर खटला आचारीच जिंकणार आणि वैद्य उपाशी मरणार. फीडचं यंत्र बघितलं की हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं न्यायालय आठवतं. पण प्लेटोची कसोटी मला पूर्णपणे पटत नाही. सगळं हितकारकच असावं असा आग्रह धरला, तर निव्वळ हसवणारी रील, मांजराचा व्हिडिओ, चटपटीत पाककृती हे सगळंच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहील. दिवसभर लोकलनं लटकून घरी आलेल्या माणसाला दोन मिनिटं हसावंसं वाटलं, तर त्याला काढा पाजायची गरज नाही. शिवाय दुसऱ्याचं हित कशात आहे हे ठरवणारा वैद्य कोण, हाही प्रश्न उरतोच.

मला इथं इमॅन्युएल कांटची एक कल्पना जास्त उपयोगी वाटते. १७९५ साली लिहिलेल्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्यानं राजकारणासाठी एक कसोटी सुचवली. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेली एखादी कृती, तिच्यामागचं धोरण जाहीर केल्याबरोबर फसणार असेल, तर ती अन्याय्य समजावी. ही कसोटी बाजारात नेऊन बघू. गारुड्यानं सुरुवातीलाच सांगितलं, 'मंडळी, लढाई होणार नाही, मला पूड विकायची आहे,' तर रिंगण मोडेल. बुवांनी सांगितलं, 'उत्तररंगात गोष्ट आहे, तोवर निरूपण ऐका,' तर कुणीही उठणार नाही; ते सगळ्यांना माहीतच असतं. शहरजाद राजाला रोज अर्धी गोष्ट सांगते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे या अरबी गोष्टी मराठी वाचकाला दीडशे वर्षांपासून ओळखीच्या आहेत. तिथं गोष्ट अर्धी सोडली जाते हे राजाला दिसत असतं, आणि दुसऱ्या रात्री ती पुरीही होते. मासिकातल्या 'क्रमशः'चंही तसंच. वाट पाहायला लावणं हा गुन्हा नाही.

आता रील घ्या. 'चकली तेलात का विरघळते याची तीन कारणं सांगते' हे वाक्य कसोटीला उतरतं, कारण ते स्वतःचाच हेतू सांगतं. 'मी हा शब्द मुद्दाम चुकीचा उच्चारलाय, म्हणजे तुम्ही चिडून कमेंट कराल' हे वाक्य बोललं की युक्ती मेली. 'पाचवी टीप विशेष नाही, तुम्हाला थांबवायला तसं म्हटलं' याचंही तेच. बघणाऱ्याला सांगता येणार नाही अशी युक्ती ज्या कंटेंटला लागते, तो कंटेंट बघणाऱ्याशी बोलत नाही. तो यंत्राशी बोलतो, आणि बघणाऱ्याला मधल्या बटणासारखा वापरतो.

जाहिरातीच्या बाबतीत आपल्या नियमांनी हे तत्त्व थोडंफार मान्य केलंय. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे किंवा इतर मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. 'हे मी आपुलकीनं सांगतेय' आणि 'हे मी मोबदला घेऊन सांगतेय' यातला फरक बघणाऱ्याला कळायला हवा, हा त्यामागचा विचार आहे. नियम मोबदला उघड करायला लावतो. युक्ती उघड करायला लावत नाही, आणि बहुधा लावूही शकणार नाही.

पण कांटच्या कसोटीलाही मर्यादा आहे. काही युक्त्या उघड झाल्यावरही चालत राहतात. कधीच न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये एझा रास्किन यानं तयार केलं आणि पुढं त्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. ते कसं चालतं हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, तरी ते चालतंच. यात लपवलेलं काहीच नाही. मग आक्षेप कशावर घ्यायचा?

इथं दुसरा युक्तिवाद पुढं येतो: कुणी जबरदस्ती केली आहे का? फोन तुमचा, अंगठा तुमचा. बघायचं नसेल तर बंद करा.

या युक्तिवादात 'इच्छा' हा शब्द फार सैल वापरला जातो. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ च्या एका निबंधात इच्छेचे दोन थर वेगळे केले. एक, मला अमुक हवं आहे. दुसरा, मला अमुक हवं असावं असं मला वाटतं. व्यसनी माणसाला पदार्थ हवा असतो. पण तो हवासा वाटू नये, असंही त्याच माणसाला वाटत असतं. फ्रँकफर्टच्या मते हा दुसरा थर असणं हे माणूसपणाचं लक्षण आहे. रात्री साडेबारा वाजता रील बघणाऱ्याचा अंगठा पहिल्या थराचं मत नोंदवतो. सकाळी डोळे चोळत 'काल उगाच जागलो' म्हणणारा तोच माणूस दुसऱ्या थराचं मत देतो. यंत्राला पहिलं मत सेकंदासेकंदाला मिळतं, दुसरं जवळजवळ मिळतच नाही.

'जवळजवळ' म्हटलं, कारण विचारणं अशक्य नाही. यूट्यूब अधूनमधून प्रेक्षकांना, हा व्हिडिओ पाहून बरं वाटलं का, असं विचारतं. पण कंटेंट बनवणाऱ्याच्या स्क्रीनवर येतात ते व्ह्यूज, पाहिलेला वेळ, आणि कितव्या सेकंदाला किती लोक निघून गेले त्याचा उतरता आलेख. दोन थंबनेल चढवून कुठल्यावर लोक जास्त थांबले हे कळतं. कुठल्यावर थांबल्याचं नंतर वाईट वाटलं, याचा रकाना नसतो. आणि जे मोजलं जात नाही ते बैठकीत येत नाही, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे 'लोकांना हेच हवंय' हे विधान जेव्हा आलेख दाखवून केलं जातं, तेव्हा ते अर्ध्याच माणसाला विचारून केलेलं असतं.

तिसरा युक्तिवाद मजबुरीचा. तो मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो माझ्या घरातूनच आला.

माझी मामेबहीण सांगलीत घरगुती भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून विकते. तिचं इन्स्टाग्राम अकाउंट आहे. ती छान बोलते. चकलीत मोहन जास्त झालं तर काय होतं, कमी झालं तर काय, हे तिच्याइतकं सोपं करून सांगणारं मी कुणी पाहिलेलं नाही. त्या रील्स पाचशे-सातशे लोक बघतात. एका सोशल मीडिया सांभाळणाऱ्या माणसानं तिला नवीन हुक लिहून दिला: 'घरात विकतची भाजणी आहे? आजच फेकून द्या!' तिनं मला विचारायला फोन केला.

मी म्हटलं, "ताई, हे नको करूस."

"अरे, यात खोटं काय आहे सांग. काही जणांच्या भाजणीत शिळं पीठ असतंच की."

"असेल. पण बघणारी बाई ते तपासणार कसं? ती नुसती घाबरणार."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला एक तारखेला पगार येतो. माझा सीझन दिवाळीआधीचे तीन आठवडे. तेवढ्यात लोकांना मी दिसलेच नाही, तर वर्षभर काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण नाही. मैदानातल्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले की मागच्यांना उभं राहावंच लागतं. शेवटी सगळे उभे असतात, कुणालाच आधीपेक्षा जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. अशा वेळी एकट्या मागच्या माणसाला 'तू नीतीनं वाग, खाली बस' असं सांगणं म्हणजे त्याला कार्यक्रमातून उठवण्यासारखंच आहे. ताईच्या रीलची स्पर्धा शेजारच्या गल्लीतल्या भाजणीवालीशी नाही. ती त्याच फीडमधल्या नटीशी, क्रिकेटशी आणि भांडणाशी आहे.

तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर 'मग कर' असं होत नाही. त्या हुकमधली भीती कुणाचं नाव घेत नाही, म्हणून ती सगळ्यांवर पडते. शेजारच्या गल्लीत तितक्याच प्रामाणिकपणे भाजणी दळून आणणाऱ्या बाईवरही. आणि पुढच्या वर्षी खरोखरच काही भेसळ सापडली, तर ताईच्या सांगण्याला लोक आणखी एक हुक समजतील. उसनं घेतलेलं लक्ष फेडलं नाही, की पत जाते.

मजबुरीमुळे दोष नाहीसा होत नाही, पण त्याची वाटणी बदलते असं मला वाटतं. ज्याच्याकडे पर्याय जास्त त्याची जबाबदारी जास्त. वजनाचा आकडा ठरवणाऱ्याकडे सर्वाधिक पर्याय आहेत: तो पाच लिहू शकतो, एक लिहू शकतो, शून्यही लिहू शकतो, आणि त्याचा पगार त्या दिवशी बुडत नाही. त्याच्यानंतर मोठे ब्रँड आणि एजन्सी. त्यांना एक मोहीम शांतपणे करणं परवडतं. अगदी शेवटी ताई. सध्या मात्र नीतीचे उपदेश उलट्या क्रमानं होतात. बघणाऱ्याला 'स्वतःवर ताबा ठेवा', बनवणाऱ्याला 'चांगला कंटेंट करा', आणि वरच्या मजल्यावर 'आम्ही तर फक्त मंच आहोत'.

कायदा थोडा वर चढायला लागला आहे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध, म्हणजे डार्क पॅटर्न्सविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नोंदवले. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई, न सांगता टोपलीत टाकलेली वस्तू, रद्दच करता न येणारी वर्गणी, वेश पालटलेली जाहिरात. पण ही यादी मुख्यतः खरेदी-विक्रीची आहे. न संपणारं स्क्रोल त्यात नाही. पैसे फसवून घेतले तर ग्राहकाचं नुकसान झालं हे आपल्याला लगेच कळतं. वेळ घेतला तर 'फुकट तर होतं' असं म्हणतो. पैसे निदान परत मिळू शकतात.

मग बनवणाऱ्यानं काय करायचं? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिल्या तीन सेकंदांत जे कबूल केलं ते शेवटापर्यंत फेडलं का? वापरलेली युक्ती बघणाऱ्याला तोंडावर सांगता आली असती का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाला विचारलं, तर तो 'बरं झालं बघितलं' म्हणेल का? यातल्या एकाही प्रश्नासाठी कंटेंट कंटाळवाणा असण्याची गरज नाही. ताईची मोहनवाली रील तिन्हीत पास होते, आणि तिलाही एक चांगला हुक लागतोच: 'चकली तेलात विरघळते? पिठाला दोष देऊ नका.' तो मी तिला लिहून दिला. तो किती चालला हा वेगळा विषय आहे. या प्रश्नांची उत्तरं व्ह्यूजवर अवलंबून नसतात, आणि खरी किंमत तिथंच द्यावी लागते.

इंग्रजीत लक्षाची किंमत 'मोजली' जाते. मराठीत आपण लक्ष 'देतो'. दिलेल्या वस्तूला हिशेब नसतो असं नाही, पण तो घेणाऱ्याच्या मनात ठेवायचा असतो. आलेखाच्या उजव्या टोकाला, शेवटच्या सेकंदापर्यंत, जे थोडे लोक उरलेले दिसतात, त्यांनी आपल्या दिवसातली काही मिनिटं एका अनोळखी माणसाला दिलेली असतात. ते काय घेऊन परत गेले, हे आलेखात येत नाही. बनवणाऱ्याला मात्र ते बहुतेक वेळा माहीत असतं.